ब्लॅक बेल्टची परीक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलीला कराटेच्या क्लासला सोडायचे आणि ती बाहेर येईपर्यंत तासभर पायरीवर बसून राहायचे, याचा कंटाळा आला म्हणून वयाच्या ३८ व्या वर्षी मीही पांढरा पट्टा बांधला. शोतोकान शैलीतील शोदानची, म्हणजे पहिल्या ब्लॅक बेल्टची परीक्षा मी दोनदा दिली. पहिल्या वेळी नापास झाले आणि सहा महिन्यांनी, ४४ वर्षांची असताना, उत्तीर्ण झाले. आता आठवड्यातील तीन संध्याकाळी मी सरांच्या हाताखाली शिकवते. ग्रेडिंगची, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेची, तारीख फळ्यावर लागली की विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. ती शोतोकानच्या अनुभवातून आलेली आहेत. तायक्वांदो, ज्युदो किंवा कराटेच्याच क्योकुशिन शैलीच्या परीक्षेची घडण वेगळी असते, त्यामुळे तेथील विद्यार्थ्यांनी आपल्या सरांचा शब्द अखेरचा मानावा.

ब्लॅक बेल्ट मिळाला म्हणजे शिक्षण पूर्ण झाले का?

नाही. ‘शोदान’ या जपानी शब्दातील ‘शो’ म्हणजे आरंभ. पांढऱ्यापासून तपकिरी पट्ट्यापर्यंतच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात आणि त्या उतरत्या क्रमाने मोजतात. पहिला क्यू संपला की दानाची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांची, मोजणी नव्याने एकपासून सुरू होते आणि कागदावर तरी ती दहापर्यंत जाते.

ही पद्धत मुळात कराटेची नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी साइगो शिरो व तोमिता त्सुनेजिरो या दोन शिष्यांना शोदान दिले. दानाची कल्पना त्यांनी ‘गो’ या पटावरच्या खेळातून घेतली होती, आणि काळा पट्टा प्रत्यक्ष कमरेला आला तो आणखी तीनेक वर्षांनी. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये कराटेचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी टोकियोत आले, तेव्हा कानोंनी त्यांना कोदोकानात बोलावून घेतले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, फुनाकोशींनी आपल्या काही शिष्यांना दान दिले. त्याआधी ओकिनावात कित्येक पिढ्या पट्ट्यावाचूनच शिकल्या. आपल्या तालमीत तर आजही पट्टा नसतो. पोराची तयारी किती झाली हे वस्ताद नजरेने ओळखतो आणि उरलेले आखाड्यात ठरते. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात पट्टा म्हणतात तो हत्याराला, त्यामुळे आमच्या क्लासमधील एका विद्यार्थ्याच्या आजोबांना ‘नातवाला काळा पट्टा मिळाला’ याचा अर्थ बराच वेळ लागला नव्हता.

परीक्षेला बसण्यापूर्वी किती वर्षे सराव हवा?

आठवड्यातून तीन दिवस नियमित येणाऱ्याला साधारण चार ते पाच वर्षे लागतात. मला पहिल्या प्रयत्नापर्यंत साडेपाच लागली. दीड-दोन वर्षांत हमखास ब्लॅक बेल्ट, अशी पाटी लावणाऱ्या क्लासबद्दल मला आदर नाही. आपण तयार झालो आहोत का, हे सरांना विचारण्यास हरकत नाही, पण माझ्या पाहण्यात तरी बहुतेक सर ‘या वेळी फॉर्म भर’ असे स्वतःहूनच सांगतात.

परीक्षेत नेमके काय करून दाखवायचे असते?

परीक्षेचे तीन भाग असतात : किहोन, काता आणि कुमिते.

किहोन म्हणजे मूलभूत तंत्रे. तीन किंवा चार उमेदवारांना एका ओळीत उभे करून जपानीत आज्ञा दिल्या जातात आणि प्रत्येक तंत्र पाच पावले पुढे जात करायचे असते. एका पावलात तीन ठोसे म्हणजे सांबोन-झुकी. वरच्या बचावानंतर लगेच उलट हाताचा ठोसा. बाहेरून आत येणारा बचाव, त्याला जोडून कोपराचा फटका आणि मुठीच्या पाठीचा फटका. मग माए-गेरी (समोरची लाथ), मावाशी-गेरी (गोल फिरवून मारलेली लाथ) आणि दोन प्रकारची योको-गेरी (बाजूची लाथ). ‘मावाते’ अशी आज्ञा आली की जागच्या जागी वळायचे. कागदावर हे सोपे वाटते, कारण यातील काहीही नवीन नसते. पांढऱ्या पट्ट्याच्या पहिल्या महिन्यात शिकलेला ठोसाच येथे पुन्हा मागितला जातो. अडचण अशी की पाच वर्षांत आपण त्या ठोशाकडे नीट पाहिलेलेच नसते. मागच्या पायाची टाच उचलली जाते, कमरेकडे परत येणारी मूठ अर्ध्यावर रेंगाळते, वळताना डोके दोन बोटे वर येते. हे सगळे क्लासच्या गर्दीत झाकले जाते, पण परीक्षेत समोर टेबलामागे तीन माणसे बसलेली असतात आणि त्यांना दुसरे कामच नसते.

काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी ठरावीक क्रमाने केलेली झुंज. आमच्याकडे दोन काता होतात. हेइआन या सुरुवातीच्या मालिकेतील पाच कात्यांपैकी कोणता करायचा हे परीक्षक आयत्या वेळी सांगतात. दुसरा उमेदवाराने निवडायचा असतो आणि तो बहुधा बास्साई-दाई, कांकू-दाई, जिओन, एम्पी किंवा हांगेत्सु यांपैकी असतो. हेइआन शोदानमध्ये, म्हणजे त्या मालिकेतील पहिल्या कात्यात, २१ हालचाली आहेत, बास्साई-दाईत ४२ आणि कांकू-दाईत ६५. मात्र हालचाली जास्त म्हणून काता वरचढ, असा समज करून घेऊ नये. तो समज मला महागात पडला. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

कुमिते म्हणजे जोडीदाराबरोबरची लढत. शोदानला बहुतेक ठिकाणी जियू-इप्पोन कुमिते असते. हल्ला करणारा कोठे मारणार ते मोठ्याने सांगतो, दोघेही मोकळ्या पवित्र्यात हालत राहतात, आणि मग तो संधी साधून एकदाच, पण खरोखर, हल्ला करतो. दुसऱ्याने तो अडवून प्रतिहल्ला करायचा. काही परीक्षकांना त्यानंतर थोडी मुक्त लढतही पाहायची असते.

प्रत्येकाची प्रत्यक्ष परीक्षा वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते, पण हॉलमधला दिवस पाच-सहा तासांचा असतो, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. सकाळी सगळ्यांबरोबर अंग गरम करायचे, मग लहान पट्ट्यांचे ग्रेडिंग चालू असताना भिंतीशी मांडी घालून बसायचे, आणि दुपारी अडीचला नाव पुकारले जाते तेव्हा शहाबादी फरशीवर बसून कंबर आखडलेली असते. म्हणून पायमोजे आणि एक जाड जाकीट सोबत ठेवावे आणि आपल्या आधी दोन गट उरले की कोपऱ्यात जाऊन पुन्हा अंग गरम करावे. याकरिता परवानगी मागितली तर कोणीही रागावत नाही.

कौले किंवा विटा फोडाव्या लागतात का?

आमच्या परीक्षेत लागत नाहीत. गणेशोत्सवात मंडपासमोर पेटती कौले फोडणारी किंवा बर्फाच्या लादीवर कोपर मारणारी मुले पाहून हा प्रश्न पडतो. ते प्रात्यक्षिक आहे आणि गर्दी जमवण्यासाठी ते उत्तमच आहे. तायक्वांदोत आणि क्योकुशिनमध्ये फळ्या फोडण्याला परीक्षेत स्थान असते. त्याची तयारी स्वतंत्रपणे करून घेतली जाते.

परीक्षक नेमके काय पाहतात?

दुसऱ्या परीक्षेनंतर वर्षभराने मला परीक्षकांच्या टेबलाशेजारी बसून गुणांचे तक्ते लिहिण्याचे काम मिळाले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर थोडेफार कळले. मला वाटत असे की ते चुका मोजतात. प्रत्यक्षात पहिल्या पाच-सात हालचालींत त्यांचे मत बरेचसे बनलेले असते आणि ते पवित्र्यावरून बनते. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढच्या पायावर भार असलेल्या पवित्र्यात, पुढचा गुडघा पायाच्या बोटांवर येतो की आत कलतो, कोकुत्सु-दाची या मागे भार असलेल्या पवित्र्यात वजन खरोखर मागच्या पायावर आहे की माणूस नुसता मागे झुकला आहे, हे त्यांना लांबून दिसते. त्यानंतर ते हिकितेकडे, म्हणजे कमरेकडे खेचल्या जाणाऱ्या हाताकडे पाहतात. मारणारा हात सगळेच सांभाळतात. परत येणारा हात शिस्तीत येत असेल तर शिकवणूक मुरली आहे असे समजतात.

दुसरी गोष्ट म्हणजे थकल्यानंतरचे वागणे. किहोनच्या शेवटच्या लाथा मुद्दाम जास्त वेळा करवून घेतल्या जातात. त्या कशा पडतात यापेक्षा, ‘यामे’ (थांबा) म्हटल्यावर उमेदवार काय करतो याकडे लक्ष असते. काही जण लगेच कंबरेवर हात ठेवतात, ड्रेस सारखा करतात, छताकडे पाहून सुस्कारा सोडतात. एका मुलीची लाथ गुडघ्याच्या वर जात नव्हती, पण प्रत्येक आज्ञेनंतर तिची नजर आणि हात जागेवर राहत होते. टेबलावरच्या तिघांनीही तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली, आणि तिच्या शेजारी छातीइतक्या उंच लाथा मारणारा मुलगा पुढच्या खेपेवर गेला. मुलाच्या वडिलांना तो अन्याय वाटला. लाथेच्या उंचीला मिळणारे गुण फार थोडे असतात, हे त्यांना पटवण्यात माझी अर्धी संध्याकाळ गेली.

किआई मोठ्याने द्यावीच लागते का? मला लाज वाटते.

द्यावी लागते, आणि लाज वाटणे अगदी स्वाभाविक आहे. किआई म्हणजे निर्णायक क्षणी पोटातून दिलेला आवाज. प्रत्येक कात्यात त्याच्या जागा ठरलेल्या असतात, बहुतेकांत दोन. मुले ती मजेत देतात. वयात आलेल्या मुली आणि माझ्यासारख्या बायका मात्र तेथे अडकतात, कारण जन्मभर आपल्याला आवाज खाली ठेवण्याचीच सवय लावलेली असते. माझ्या पहिल्या परीक्षेच्या तक्त्यावर ‘किआई : ऐकू आली नाही’ असा शेरा होता, आणि तो वाचून मला नापास होण्यापेक्षा जास्त वाईट वाटले.

इमारतीत ओरडण्याची सोय नसते. मी सकाळी चटणी वाटताना मिक्सर चालू करून त्याच्या आवाजात सराव करत असे. पहिल्या दिवशी सासूबाई हातातली जपमाळ तशीच धरून धावत आल्या. आठवड्याभराने त्या ‘आज कमी पडला’ असे सांगू लागल्या. आवाज घशातून काढला तर दोन दिवसांत घसा बसतो. बेंबीखालचा भाग आवळून श्वास झटक्याने सोडला की आवाज आपोआप येतो आणि तो चिरका वाटत नाही. ओरडणे ही श्वासाची क्रिया आहे, हे ध्यानात आले की लाज बरीच कमी होते.

कात्याच्या मध्येच पुढची हालचाल विसरले तर?

थांबू नये, माफी मागू नये, परीक्षकांकडे पाहून हसू नये. शेवटच्या पवित्र्यात स्थिर उभे राहून एक श्वास घ्यावा. बहुतेक वेळा पाय स्वतःच वाट काढतात. नाहीच आठवले तर सरळ उभे राहून परवानगी मागावी आणि काता पहिल्यापासून करावा. काही परीक्षक एक संधी देतात.

माझे जे झाले ते याहून अवघड होते, कारण मी विसरले नव्हते. मी दुसऱ्याच कात्यात शिरले होते. पहिल्या परीक्षेसाठी मी कांकू-दाई निवडला होता. दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून तो डोक्यावर न्यायचा, त्या खिडकीतून आकाशाकडे पाहायचे आणि मग हात दोन्ही बाजूंनी सावकाश खाली आणायचे, ही त्याची सुरुवात मला फार आवडत असे. पण कांकू-दाईतले अनेक तुकडे हेइआन मालिकेतही आहेत. एका बाजूला योको-गेरी आणि कोपराचा फटका, मग दुसऱ्या बाजूला तेच, हा जोड कांकू-दाईतही येतो आणि मालिकेतील चौथ्या कात्यात, हेइआन योंदानमध्येही. कांकू-दाईत त्यानंतर वळून शुतो-उके, म्हणजे उघड्या हाताच्या कडेने केलेला बचाव, घ्यायची असते; योंदानमध्ये उघड्या हाताचा फटका आणि समोर लाथ येते. त्या दिवशी परीक्षकांनी मला आधी नेमका योंदानच करायला लावला होता. दुसरा कोपर लागला आणि माझे शरीर मला न विचारता योंदानच्या रुळावर गेले. लाथ हवेत असतानाच मला कळले. तोपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभी होते आणि माझ्या बरोबरीने काता करणारी मुलगी माझ्या पाठीमागे भलत्याच दिशेला चालली होती. मी थांबले, वळून पाहिले आणि हसले. ते हसू मला सर्वांत जास्त भोवले, असे सरांनी नंतर सांगितले.

यावर उपाय म्हणजे सारखे दिसणारे काते पाठोपाठ करण्याचा सराव : आधी योंदान, लगेच कांकू-दाई, मग क्रम उलटा. जेथे वाटा फुटतात तेवढाच तुकडा वीस-वीस वेळा करावा. तोंड एकाच भिंतीकडे ठेवून सराव करण्याची सवयही मोडावी. परीक्षेचा हॉल वेगळा असतो, आणि क्लासमधल्या खिडकीवर किंवा घड्याळावर आपण किती विसंबून होतो हे तेथे समजते.

परीक्षेसाठी काता कसा निवडावा?

आपल्या अंगाला मानवणारा निवडावा. कांकू-दाईच्या शेवटी उडी मारून हवेत दोन लाथा घालायच्या असतात. माझ्या डाव्या गुडघ्याला ते झेपत नव्हते आणि मी ते स्वतःपासूनही लपवत होते. दुसऱ्या खेपेस सरांनी मला बास्साई-दाई दिला. तो ठाम, जमिनीला धरून चालणारा काता आहे आणि जड बांध्याच्या माणसाला शोभतो. चपळ, हलक्या अंगाच्या मुलांना एम्पी खुलतो. आपल्याला कोणता आवडतो, हे त्यानंतर.

कुमितेमध्ये मार लागतो का?

थोडाफार लागतो. शोतोकानमध्ये फटका लक्ष्याच्या अगदी जवळ थांबवण्याची अपेक्षा असते, पण घाबरलेल्या माणसाचे अंतर चुकते. दंडावर आणि नडगीवर काळेनिळे डाग हे नेहमीचेच. नखे कापून जावे, कानातले, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवावे, दातांचे गार्ड वापरावे. जोडीदार आपल्याहून लहान किंवा हलका असेल तर हल्ला मंद करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण लटका हल्ला मिळाला तर त्यालाही बचाव दाखवता येत नाही आणि दोघांचेही गुण जातात.

परीक्षेच्या दिवशी पाळी आली तर?

हा प्रश्न मुली मला कोपऱ्यात बोलावून विचारतात, म्हणून येथे उघडपणे उत्तर देते. परीक्षा देता येते. पांढऱ्या ड्रेसची भीती सर्वांनाच असते. आत गडद रंगाची घट्ट सायकलिंग शॉर्ट घालावी आणि ड्रेसची जादा पँट पिशवीत ठेवावी. नाव पुकारले जाण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन यावे. हॉल भाड्याचा असेल तर ते कोठे आहे हे सकाळीच पाहून ठेवावे. पोटात कळा असतील तर क्लासमधल्या एखाद्या ताईला किंवा थेट सरांना सांगावे. आमचे सर अशा वेळी गटाचा क्रम बदलून देतात आणि कारण विचारत नाहीत. दुखणे फारच असेल तर पुढच्या खेपेस बसावे, त्यात कमीपणा नाही.

आदल्या दिवशी काय करावे, काय खावे?

नवीन काहीही करू नये. एकदा हलक्या हाताने काते करावेत आणि झोपावे. रात्री भाकरी-भाजी किंवा वरणभात, सकाळी पोहे किंवा उपमा, सोबत केळी आणि पाणी. परीक्षेआधी मिसळ खाणारा एक विद्यार्थी आमच्याकडे होता; किहोनच्या लाथांपर्यंत तो टिकला. ड्रेस इस्त्री करून, पट्टा आणि ओळखपत्र रात्रीच पिशवीत भरावे.

चाळिशीनंतर ही परीक्षा देणे शहाणपणाचे आहे का?

डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर जरूर द्यावी. गुडघा, कंबर, रक्तदाब यांची तपासणी आधी करून घ्यावी आणि जुने दुखणे परीक्षकांना लेखी कळवावे. ते गुण वाढवत नाहीत, पण न जमणारी उडी सक्तीने मागत नाहीत. मोठ्या माणसाची खरी अडचण मला वेगळी वाटते. सोळा वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभे राहून, आपल्या मुलाच्या वयाच्या सेम्पाईकडून, म्हणजे वरिष्ठ विद्यार्थ्याकडून, ‘काकू, टाच’ असे ऐकून घ्यावे लागते. ते ज्याला जमते त्याचे शरीर हळूहळू मागून येते. कार्यालयात हाताखाली माणसे असलेल्यांना हे फार जड जाते, असे मी पाहिले आहे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला ब्लॅक बेल्टला बसवावे का?

माझे मत विचाराल तर घाई करू नये. लहान मुले क्रम चटकन पाठ करतात आणि त्यांचे काते देखणे दिसतात, परंतु जोडीदाराच्या हल्ल्याचा अंदाज घेणे, अंतर सांभाळणे, आपले बळ आवरणे हे वयाबरोबर येते. अनेक संघटना यासाठी ज्युनिअर दान देतात. तायक्वांदोत सोलच्या कुक्कीवॉनकडून पंधरा वर्षांखालील मुलांना दानाऐवजी पूम मिळते आणि त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. ही व्यवस्था मला समंजस वाटते. पालकांनी एक काळजी घ्यावी. परीक्षा चालू असताना दारातून हातवारे करून मुलाला पुढची हालचाल सुचवू नये. परीक्षकांना ते दिसते, आणि मुलाला तर ते सर्वांत आधी दिसते.

नापास झाल्यावर काय होते?

गुणांचा तक्ता मिळतो आणि पुढची तारीख मिळते. आमच्याकडे किमान सहा महिने थांबावे लागते. काही ठिकाणी फक्त राहिलेला भाग पुन्हा द्यावा लागतो. नियम आधीच विचारून ठेवावा.

निकालानंतरचा पहिला आठवडा वाईट जातो, कारण सोसायटीत, नातेवाइकांत सगळ्यांना सांगून झालेले असते. मी चार दिवस क्लासला गेले नाही. पाचव्या दिवशी गेले तेव्हा सरांनी एकही शब्द न बोलता मला पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगेसमोर उभे केले आणि हेइआन शोदान शिकवायला सांगितले. सात वर्षांच्या मुलाला वळताना मागचा पाय कोठे ठेवायचा हे समजावताना माझाच पाय चुकीच्या जागी पडत होता, हे मला तेव्हा कळले. पुढचे सहा महिने मी आठवड्यातून एक तास लहानांना शिकवले, आणि दुसऱ्या परीक्षेची माझी अर्धी तयारी तेथेच झाली. नापास झालेल्या प्रत्येकाला मी आता हेच सुचवते. मुलांच्या बाबतीत मात्र घरच्यांनी ‘परीक्षकांनी अन्याय केला’ असे त्यांच्यासमोर बोलू नये. मूल ते लगेच उचलते आणि टाच तशीच वर राहते.

खर्च किती येतो आणि प्रमाणपत्र खरे कसे ओळखावे?

रक्कम संघटनेनुसार बदलते, म्हणून आकडा देत नाही. परीक्षा शुल्क, प्रमाणपत्र, परदेशी मुख्यालयात नोंदणी, पट्टा आणि त्यावरील नावाचे भरतकाम, परीक्षकांचा प्रवास, अशी कलमे वेगवेगळी आकारली जाऊ शकतात. फॉर्म भरण्यापूर्वी सगळी बेरीज लिहून मागावी आणि पावती घ्यावी. नापास झाल्यास कोणती रक्कम परत मिळते, हेही तेव्हाच विचारावे.

कराटेत एकच जागतिक परीक्षा मंडळ नाही. शैली अनेक, संघटना त्याहून अनेक, आणि सुंदर छापलेले प्रमाणपत्र कोणीही देऊ शकतो. त्यावर सही करणाऱ्याला स्वतःचे दान कोणाकडून मिळाले, आणि मुख्यालयाच्या नोंदीत आपले नाव दिसते का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. माझ्या ओळखीच्या एका मुलाला एका शिबिरात दोन दिवसांत ब्लॅक बेल्ट मिळाला होता. नंतर तो आमच्याकडे आला, पहिल्याच संध्याकाळी त्याने आपण होऊन तो पट्टा पिशवीत ठेवला आणि पांढरा बांधला. आज तो आमचा सर्वांत नेमका विद्यार्थी आहे.

दहावीला गुण किंवा नोकरीत सवलत मिळते का?

केवळ ब्लॅक बेल्टच्या प्रमाणपत्रावर नाही. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीतील क्रीडागुण आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण हे मान्यताप्राप्त स्पर्धांमधील सहभागावर व कामगिरीवर अवलंबून असतात. ग्रेडिंग ही स्पर्धा नव्हे. ऑलिंपिकमध्येही कराटे फक्त टोकियोत खेळले गेले. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत ते नव्हते.

ब्लॅक बेल्टधारकाला आपल्या हातांची पोलिसांत नोंद करावी लागते, हे खरे का?

खोटे आहे. अशी कोणतीही नोंद नसते. स्वसंरक्षणाचा हक्क सर्वांना सारखाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये येतो, आणि बचावासाठी आवश्यक तेवढ्याच बळाची मुभा त्यात आहे. अंधाऱ्या रस्त्यावर कोणी चाकू दाखवला तर पर्स द्यावी आणि पळावे, असेच आम्ही वर्गात शिकवतो.

पट्टा धुवावा की धुवू नये?

धुवावा. पांढरा पट्टा वर्षानुवर्षे न धुतल्याने मळून काळा होतो आणि तोच ब्लॅक बेल्ट, ही दंतकथा आहे. घामाचा वास दंतकथेने जात नाही.

उत्तीर्ण झाल्यावर काय बदलते?

नवा पट्टा लाकडासारखा ताठ असतो आणि त्याची गाठ पहिला महिनाभर सुटत राहते. रांगेत आपण ब्लॅक बेल्टच्या ओळीत जातो आणि त्या ओळीत सर्वांत शेवटी उभे राहतो, त्यामुळे तपकिरी पट्ट्यांत पहिले असण्याचे सुख जाते. लहान मुले अचानक ‘मॅडम’ म्हणू लागतात. हजेरीचे रजिस्टर, हॉलची किल्ली आणि पावसाळ्यात मॅट उन्हात टाकण्याची जबाबदारी आपल्याकडे येते. घरी काहीच बदलत नाही.

तुमच्या मुलीने ब्लॅक बेल्ट घेतला का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. नाही. हिरव्या पट्ट्यानंतर तिने क्लास सोडला आणि ती आता तबला शिकते. माझ्या दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी ती मला न्यायला आली होती आणि आत प्रवेश नसल्यामुळे दीड तास हॉलच्या पायरीवर बसून होती. मी बाहेर आले तेव्हा तिने निकाल विचारला नाही. आतून एकदा फार मोठ्याने ओरडल्याचा आवाज आला, तो तुझा होता का, असे तिने विचारले. तो माझाच होता.